तिसऱ्यांदा विचारलं म्हणून

मार्लिसच्या नव्या गुडघ्यासाठी चार व्यायाम शोधावेत, एवढंच आर्विड टॉलफसनच्या मनात होतं. डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम मार्लिसला आवडत नव्हते, आणि बायकोला न आवडणारी गोष्ट तिच्याकडून करून घेण्याइतका आर्विड शूर नव्हता. म्हणून सकाळची कॉफी झाल्यावर तो स्वयंपाकघरातल्या कॉम्प्युटरसमोर बसला आणि त्याने 'गुडघा, सोपे व्यायाम' असं टाइप केलं. ('सोपे' हा शब्द मार्लिसने मागून घालायला लावला.)

पान उघडलं आणि व्यायामाच्या आधी एक चौकोन टपकला. 'आम्ही तुम्हाला सूचना पाठवत जाऊ का?'

"नको, थँक्यू," आर्विड मोठ्याने म्हणाला आणि त्याने 'आत्ता नको' वर क्लिक केलं. चौकोन गेला आणि परत आला. 'नक्की नको?' "कशाला उगाच तुम्हाला त्रास!" असं म्हणून आर्विडने पुन्हा नको केलं. चौकोन तिसऱ्यांदा आला, आणि इथेच घात झाला.

आमच्या नॉर्डालमध्ये, खरं तर अख्ख्या मिनेसोटात, कॉफी विचारली की पहिल्यांदा 'नको' म्हणायचं, दुसऱ्यांदा 'राहू दे हो' म्हणायचं आणि तिसऱ्यांदा 'बरं, अर्धा कप' म्हणून दोन कप प्यायचे. पहिल्याच हाकेला हो म्हणणारा हावरट. तिसऱ्यांदाही नाही म्हणणारा माजोरी. तिसऱ्यांदा विचारतो तो मनापासून विचारतो, त्याचं मन मोडू नये, असं आर्विडच्या आईने त्याला शिकवलं होतं. (मलाही माझ्या आईने हेच शिकवलंय. त्यापायी माझ्या घरात आज तीन व्हॅक्यूम क्लीनर आहेत, तेव्हा मी आर्विडला हसत नाही.)

"तिसऱ्यांदा विचारतोय गं," आर्विड म्हणाला.

"मग हो म्हण की. बिचारा एवढं विचारतोय," मार्लिस म्हणाली.

आर्विडने हो म्हटलं. झालं! ओसरी दिली आणि पाहुण्याने हातपाय पसरले. संध्याकाळपर्यंत गुडघ्याच्या तेलाची जाहिरात आली. तिच्या पाठोपाठ कानाचं यंत्र आलं, मग कुत्र्यांचे स्वेटर, मग बिनधुराची शेगडी. प्रत्येक जण आपापल्या पाहुण्याला घेऊन आला, प्रत्येकाने तीन-तीनदा विचारलं आणि आर्विड प्रत्येकाला तिसऱ्यांदा हो म्हणत गेला. आठवड्याभरात पडद्यावर इतकी गर्दी झाली की मागचं काही दिसेना. एक जाहिरात तर बोलायची. 'अभिनंदन! तुम्ही जिंकलात!' असं ती बाई ओरडली की शेगडीजवळची मार्लिस दरवेळी दचकून म्हणायची, "अय्या, थँक्यू!"

एरवी हे दोघांनी आयुष्यभर सहन केलं असतं. आमच्याकडे माणसं फेब्रुवारीची थंडी सहन करतात, तिथे जाहिरातींचं काय! पण रविवारी नातीचा बाप्तिस्मा होता.

त्यांची लेक कारी लांब अँकरेजला राहायची. पहिली नात जन्मली आणि त्याच आठवड्यात मार्लिसचा गुडघा बदलला. विमानात बसायला डॉक्टरांनी सक्त मनाई केली होती. आजीने अजून नातीला हातात घेतलं नव्हतं, आणि आजोबा तर बाळाचा धर्मपिता होणार होता. तेव्हा ठरलं असं की तिकडच्या चर्चमध्ये मोठ्या पडद्यावर आर्विड दिसेल, पाद्री विचारतील त्या प्रश्नांना बाळाच्या वतीने तो घरूनच उत्तरं देईल आणि दोघांना सगळा सोहळा कॉम्प्युटरवर बघता येईल.

शनिवारी सकाळी कारीने तालीम म्हणून व्हिडिओ फोन लावला. पडद्यावर बाळ आलं. मार्लिस खुर्ची ओढून पुढे सरकली, आणि नेमकं बाळाच्या तोंडावर कानाचं यंत्र उगवलं.

"बाबा, ऐकू येतंय का?" कारीने विचारलं.

"येतंय गं! यंत्र नकोय मला!" आर्विड म्हणाला. हे तो जाहिरातीला म्हणाला होता.

"कसलं यंत्र?"

"बाळाचं कपाळ दिसतंय बघ," मार्लिस म्हणाली, "त्या स्वेटरवाल्या कुत्र्याच्या मागे."

"आई, आमच्याकडे कुत्रा नाहीये!"

तेवढ्यात कुठल्याशा चौकोनाने विचारलं, 'हे पान सोडून आमच्याकडे येता का?' आर्विडने नको म्हटलं. पुन्हा नको म्हटलं. आणि मग सवयीने त्याचं बोट चाललंच. बाळ गेलं, कारी गेली, पडद्यावर नुसत्या शेगड्या उरल्या.

मार्लिस रागावली असती तर बरं झालं असतं. पण तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "मला एकदा तिचं तोंड नीट बघू दे रे," ती म्हणाली. "उद्या पण असंच झालं तर मी काय करू?"

 चाळीस वर्षांच्या संसारात मार्लिसने त्याच्याकडे सरळ सरळ काही मागितलं असेल तर ते हेच. आणि आता तो हात चोळत बसला होता. भीक नको पण कुत्रं आवर, अशी त्याची गत झाली होती, आणि कुत्र्याने स्वेटर घातला होता.

अशात ती जाहिरात आली. गुलाबी चौकोन. 'तुमच्या अगदी जवळ एक एकटी स्त्री राहते. तुमच्याशी बोलायला ती आतुर आहे.'

दोघांनी ती दोनदा वाचली. मग दोघांनी एकदमच खिडकीबाहेर पाहिलं. त्यांच्या अगदी जवळ एकटी राहणारी स्त्री एकच होती, बर्फापलीकडच्या हिरव्या घरातली रोझ पेत्रोचेली.

रोझ मूळची न्यू जर्सीची. आयुष्यभर तिथे बस चालवली. नवऱ्याच्या हट्टापायी ती नॉर्डालला आली, नवरा पहिल्याच हिवाळ्यात वारला, पण ही राहिली. गावात सगळ्यांना ती अरे-तुरे करायची, चर्चमध्ये मोठ्याने हसायची आणि पाद्र्यांना तोंडावर सांगायची की आज भाषण लांबलं. टॉलफसन दांपत्य तिला लांबून हात हलवायचं. जवळून हलवायची त्यांची छाती नव्हती.

"बघ, बिचारी!" मार्लिस डोळे पुसत म्हणाली. "बोलायला माणूस नाही म्हणून कॉम्प्युटरवर सांगायची वेळ आली तिच्यावर. आणि आपण शेजारी असून एकदा हॉटडिश घेऊन गेलो नाही. लाज वाटते रे मला. जा, हे घेऊन जा." असं म्हणून तिने रात्रीच्या जेवणासाठी ओव्हनमध्ये भाजलेलं बटाटा-खिम्याचं हॉटडिश जसंच्या तसं त्याच्या हातात दिलं.

रोझने दार उघडलं. "काय काम?"

"काही नाही. थंडी बरी आहे आज," आर्विड म्हणाला.

"उणे वीस आहे. आत ये, दार उघडं राहतंय. कॉफी घेणार?"

"नको, नको."

"बरं," रोझ म्हणाली आणि खाली बसली. आर्विड दुसऱ्यांदा विचारण्याची वाट पाहत राहिला. कॉफी समोर उकळत होती, वास येत होता, पण बाईने पुन्हा म्हणून विचारलं नाही. असा अपमान त्याचा आयुष्यात झाला नव्हता.

"हे हॉटडिश," तो शेवटी म्हणाला. "म्हणजे, आम्हाला कळलं तुम्ही एकट्या आहात आणि... माझ्याशी बोलायला आतुर आहात."

रोझने त्याच्याकडे पाहिलं. मग हॉटडिशकडे पाहिलं. "कोण म्हणालं?"

"कॉम्प्युटर."

रोझ जी हसत सुटली, ती टेबल धरून हसली. डोळे पुसले आणि पुन्हा हसली. "अरे देवा! मार्लिसला माहितेय का हे?"

"तिनेच तर पाठवलं!"

मग मात्र तिने खोदून खोदून विचारलं. थंडी, मासेमारी, बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात ते मीठ अशी वळणं घेत घेत आर्विड एकदाचा बाप्तिस्म्यापर्यंत पोचला. मार्लिस रडल्याचं सांगताना त्याने हॉटडिशचं झाकण दोनदा नीट बसवलं. "मदत मागायला नाही हो आलो," तो म्हणाला. "असंच आपलं सांगितलं."

"गप्प बस आणि चल," रोझ कोट चढवत म्हणाली. "नात महत्त्वाची की तुझी भीड? भीड भिकेची बहीण असते, कळलं?"

रोझने कॉम्प्युटरवर दोन-तीन ठिकाणी खटाखट क्लिक केलं आणि एक भली मोठी यादी उघडली. ती बघत राहिली. "आर्विड, या सगळ्यांना तू स्वतः परवानगी दिलीस? स्वेटरवाल्यांना कशाला? तुमच्याकडे कुत्रा आहे?"

"नाही."

"मग?"

"तिसऱ्यांदा विचारलं त्यांनी," आर्विड खाली मान घालून म्हणाला.

"त्यांचा आग्रह मोडवला नाही आम्हाला," मार्लिसनेही साथ दिली.

रोझने कपाळाला हात लावला. सगळं एका फटक्यात तिला काढून टाकता आलं असतं, पण तिने माउस आर्विडच्या हातात दिला. "एकेकाला तूच हाकल. त्याशिवाय तुझी खोड जायची नाही." मग आर्विड घाम पुसत एकेकाला हाकलू लागला. "सॉरी हं," तो तेलवाल्यांना म्हणाला. "गैरसमज नसावा," स्वेटरवाल्यांना म्हणाला. शेगडीवाल्यांपाशी कॉम्प्युटरने 'नक्की काढायचं?' असं विचारलं, तेव्हा तो इतका वेळ थांबला की रोझने त्याचं बोट धरून फुलीवर दाबलं. गुलाबी चौकोनवाल्यांना मात्र त्याने मनापासून थँक्यू म्हटलं. ते नसते तर रोझ या घरात आली असती का?

पडदा स्वच्छ झाला. मार्लिसने रोझचा हात दोन्ही हातांत घेतला. "उद्या इथेच ये," ती म्हणाली. "नातीला बघायला."

"येते," रोझ म्हणाली. पहिल्याच हाकेला!

रविवारी आर्विड कोट-टाय घालून बसला. शेजारी मार्लिस, मागे रोझ. पडद्यावर अँकरेजचं चर्च आलं, पाद्री आले आणि कारीच्या हातात पांढऱ्या झग्यातलं बाळ आलं. मधे काही म्हणजे काही उगवलं नाही. बाळ टाहो फोडत होतं. मार्लिस ते लालबुंद तोंड बघत होती आणि हसत होती आणि रडत होती. "नाक माझ्यावर गेलंय," एवढंच ती म्हणू शकली.

पाद्री आर्विडकडे वळले. "सैतानाला आणि देवाविरुद्ध उभ्या राहणाऱ्या सगळ्या शक्तींना तुम्ही नाकारता का?"

"नाकारतो," आर्विड खणखणीत म्हणाला.

"जगातल्या दुष्ट शक्तींना नाकारता का?"

"नाकारतो," आर्विड म्हणाला. पण या खेपेला त्याचा आवाज जरा पडला. मार्लिसने चमकून त्याच्याकडे पाहिलं. तिला आवाज ओळखीचा वाटला.

"आणि पापाच्या वाटांना नाकारता का?" पाद्र्यांनी तिसऱ्यांदा विचारलं.

चर्च शांत. बाळ तेवढं रडतंय. आर्विडच्या कानशिलावरून घाम ओघळला. दोनदा नको म्हणून झालं होतं. समोरचा माणूस इतक्या आपुलकीने तिसऱ्यांदा विचारत होता. आर्विडचं तोंड आपोआप उघडलं. "बरं," तो म्हणाला, "आता इतकं म्हणताच आहात तर अगदी थोडं..."

"नाही म्हण, मेल्या!" मागून रोझ कडाडली.

न्यू जर्सीच्या बसमध्ये शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा तो आवाज अँकरेजच्या चर्चच्या छतापर्यंत पोचला. पाद्री एक पाऊल मागे सरकले. बाळ रडायचं थांबलं, ते थांबलंच.

"नाकारतो!" आर्विड किंचाळला. "सगळं नाकारतो!"

पाद्र्यांनी घाईघाईने बाळाच्या डोक्यावर पाणी घातलं. बाळ मोठाले डोळे करून पडद्याकडे बघत राहिलं आणि हूं की चूं केलं नाही. सोहळा संपल्यावर आर्विड रोझकडे वळला. आमच्याकडे आभार मानायचे म्हणजे 'वाईट नाही झालं' असं म्हणतात आणि हवामानावर येतात. पण आर्विडचं मन इतकं भरून आलं होतं की तो सरळ म्हणाला, "रोझ, तू होतीस म्हणून आज मार्लिसला नात दिसली. तुझे उपकार मी विसरणार नाही." आणि तोही रडला. मार्लिस तर त्याच्याकडे बघतच राहिली. मग तिने कॉफी ओतली, रोझला न विचारता.

आता दर रविवारी अँकरेजहून फोन येतो, आणि दर रविवारी रोझ हजर असते. परवा बाळ फार किरकिर करत होतं. आर्विड हौसेने पडद्याच्या अगदी जवळ गेला, इतका की त्याच्या नाकाशिवाय पलीकडे काही दिसेना, आणि 'आजोबाकडे बघ, आजोबाकडे बघ' करू लागला.

"बाबा, जरा बाजूला हो ना," कारी म्हणाली. "ती रोझला शोधतेय."

"एकदाच बघू दे गं तिला माझ्याकडे," आर्विड म्हणाला.

"बाबा, प्लीज, हो ना बाजूला."

"एकदाच!"

"रोझ," मार्लिस मागून म्हणाली, "याला बंद करायची फुली कुठे असते गं?"