टिंकरबर्ग, लोकसंख्या २१४

जिथली माणसं मोजता येतात त्याला गाव म्हणतात आणि जिथली मोजायचा कंटाळा येतो त्याला शहर म्हणतात. भूगोलाच्या पुस्तकात ही व्याख्या सापडणार नाही, कारण भूगोलाची पुस्तकं शहरात छापली जातात.

ठाण्यात वर्तकनगरला राहणाऱ्या देवराम गमरे सरांना मात्र ती मान्य होती. सर शाळेतून निवृत्त झालेले, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे दोन जनगणना स्वतःच्या पायांनी केलेले. दुसऱ्या जनगणनेत एका चाळीतल्या पोटमाळ्यावर झोपलेला पाहुणा त्यांनी शिडी लावून मोजला होता. (पाहुणा रागावला. तो तिथे आहे हे त्याच्या बायकोला कळायला नको होतं.)

त्यांची मुलगी प्रीती फिजिओथेरपिस्ट. ती अमेरिकेत नेब्रास्का राज्यातल्या टिंकरबर्ग नावाच्या गावी नोकरीला लागली आणि तिथल्या वृद्धाश्रमातले त्रेसष्ट गुडघे तिच्या ताब्यात आले (एका आजोबांचा एक पाय लाकडी आहे). पहिल्याच आठवड्यात तिने वेशीवरच्या हिरव्या पाटीशेजारी उभं राहून काढलेला फोटो पाठवला. मुलगी किती वाळलीय ते तिच्या आईने, रंभाबाईंनी, पाहिलं. सरांनी पाटी पाहिली. पाटीवर होतं: टिंकरबर्ग, लोकसंख्या २१४.

"हा आकडा तुला धरून की सोडून?" सरांनी फोनवर विचारलं.

"बाबा, पाटी जुनी आहे. मी आत्ता आलेय."

"म्हणजे सोडून."

आपली मुलगी परक्या मुलखात कुणाच्या खिजगणतीत नाही, असं पुष्कळ आईबापांना वाटतं. सरांकडे त्याचा फोटो होता.

ते अभ्यासाला लागले. पंधरा दिवसांत टिंकरबर्गची इतकी माहिती जमली की नौपाड्यात चष्मा करायला गेले तरी दुकानदाराला ती ऐकावी लागली. गावाचं क्षेत्रफळ एक चौरस मैलाला थोडं कमी. त्यातलं पाण्याखालचं क्षेत्र शून्य टक्के, तरी नळाला चोवीस तास पाणी. (इकडे ठाण्यात हवे तेवढे तलाव आणि सरांच्या इमारतीच्या, बी विंगच्या, नळाला सकाळी पाऊण तास.) समुद्रसपाटीपासून उंची सोळाशे फूट, पण चढ कुठेच नाही. रस्ते दोन, त्यातल्या दुसऱ्याचं नाव दुसरा रस्ता. सिग्नल एक, तोही फक्त पिवळा, आणि तो काय सांगतो याबद्दल गावात दोन मतं आहेत. आठ माणसांच्या लिफ्टने सत्तावीस फेऱ्यांत अख्खं गाव बी विंगच्या गच्चीवर पोचवता येईल, हेही सरांनी काढून ठेवलं. कुटुंब सरासरी २.१६ माणसांचं.

"हा पॉइंट सोळा कोण?" रंभाबाईंनी विचारलं.

"भाडेकरू असेल," सर म्हणाले.

मग त्यांनी टिंकरबर्गच्या पंचायतीला पत्र लिहिलं. 'महोदय, आपल्या गावाच्या आकडेवारीत एक गंभीर चूक आढळून आली आहे. सदर चूक पाच फूट दोन इंच उंच असून ती आपल्याच गावात राहते. तरी योग्य ती दुरुस्ती व्हावी, ही विनंती.' प्रीतीला हे कळलं तेव्हा ती "बाबा, प्लीज" एवढंच म्हणाली, पण पत्र गेलेलं होतं.

पंचायतीत पाच सभासद. पत्र सभेत मोठ्याने वाचण्यात आलं. ठरावाच्या बाजूने चार मतं पडली. पाचवे सभासद त्या वेळी प्रीतीकडे गुडघा शेकत होते, म्हणून त्यांचा होकार गृहीत धरला. चारच्या आकड्यावर पाचचा पत्रा ठोकला गेला. समारंभाला अडतीस माणसं आली, म्हणजे जवळजवळ अठरा टक्के लोकसंख्या. फोटोत प्रीती शिडीवर होती आणि तिच्या डोक्याशेजारी २१५. सर तो फोटो बघून चष्मा पुसायला आत गेले. चष्मा नवाकोरा होता.

पंचायतीच्या उत्तरात शेवटी एक साधी ओळ होती. आपण मोजण्यात एवढे चोख आहात, तर आपल्या गावचाही आकडा कळवावा, पुढच्या सभेत वाचू.

ठाण्याचा आकडा कळवण्यात अर्थ नव्हता. टिंकरबर्गने तो टायपिंगची चूक समजून दोन शून्यं काढून टाकली असती. म्हणून सरांनी आपली बी विंग घेतली: मजले बावीस, फ्लॅट अठ्ठ्याऐंशी. एका माणसासाठी त्यांनी एका गावाला वेठीला धरलं होतं, आता इथे एकही सुटून चालणार नव्हतं. ते सेक्रेटरी साईनाथकडे गेले.

"माणसं कशाला मोजताय सर?" साईनाथ म्हणाला. "गाड्या मोजलेल्या आहेत ना. मी स्वतः खाली जाऊन मोजलेल्या."

सोसायटीच्या दप्तरी गाड्या एकशे सव्वीस होत्या, कुत्री नऊ (लसीच्या तारखांसकट) आणि गच्चीवरच्या कुंड्या चाळीस. गेटवरच्या अ‍ॅपमध्ये येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाचा फोटो होता. राहणाऱ्यांचा एकाचाही नव्हता.

रविवारी सर वही घेऊन बाविसाव्या मजल्यापासून खाली उतरू लागले. "किती माणसं राहता?" या प्रश्नाला मिळालेली उत्तरं अशी: काही घ्यायचं नाही, वर्गणी दिलीय, पार्सल खाली ठेवा, आणि एका ठिकाणी, "थांबा हां, मिसेसना विचारतो." सरांच्या अगदी समोरच्या दारातल्या गृहस्थांनी सहा वर्षांच्या शेजारानंतर आपुलकीने विचारलं, "आपण कुठून आलात?" सर म्हणाले, "समोरून."

संध्याकाळपर्यंत, स्वतःचं धरून, एकोणसत्तर दारं उघडली. अकरांना कुलूप होतं. उरलेल्या आठ दारांमागे पंखा चालू होता आणि फटीखाली पावलांची सावली होती, पण दार कुणी उघडलं नाही. घरोघरचा कचरा नेणाऱ्या जाईबाई जिन्यात भेटल्या.

"आठी घरात माणसं हायेत सर," त्या म्हणाल्या. "पिशवी रोज भरते ना."

"पण किती?"

"ते पिशवीवरून नाय समजत."

एकोणसत्तर घरांची बेरीज दोनशे त्रेचाळीस आली. रंभाबाई शेजारी बसून बघत होत्या.

"प्रीतीला धरलंत?"

"ती तिकडे धरलीय. एक माणूस दोनदा धरता येत नाही, नियम आहे."

"तिचं कपाट इथेय. तिची उशी इथेय. मी रोज अभ्रा बदलते."

सर नियमावर ठाम राहिले. दोन दिवस चहा बिनसाखरेचा आला. तिसऱ्या दिवशी सकाळी बी विंगच्या दारात पाटी लागली: लोकसंख्या २४४. दोन जनगणनांत एकही चूक न केलेल्या माणसाने एक माणूस दोनदा धरला होता आणि खाली सही केली होती. त्या दिवशीचा चहा जरा जास्तच गोड होता आणि सरांनी तो दोनदा घेतला.

आकडा, सरांनी खाली जोडलेल्या बंद दारांच्या टिपेसकट, टिंकरबर्गच्या सभेत वाचला गेला. एकाच जिन्यावर एवढी माणसं म्हणजे संध्याकाळी गप्पांना केवढी मजा येत असेल, असं तिथल्या सभासदांना वाटलं. न उघडलेल्या आठ दारांबद्दल त्यांना फार हळहळ वाटली. ज्यांना तिकडे कुणी धरलेलं नाही त्यांची सोय आमच्या पाटीवर करू, जागा भरपूर आहे, असं त्यांनी एकमताने कळवलं. (गुडघा बरा झाल्याने पाचवे सभासद या वेळी हजर होते.)

तेव्हा त्या आठांपैकी सातांना आपापल्या सोयीने विचार करू दे. आठव्या दारामागे तुम्ही होतात. टीव्हीचा आवाज बारीक केलात, दाराच्या भिंगाला डोळा लावलात आणि "कोणीतरी म्हातारा आहे" म्हणत परत सोफ्यावर बसलात. तो म्हातारा तुमच्याच मजल्यावर राहतो. सरांची वही अजून उघडी आहे, पेनही तिथेच आहे. तूर्तास तुमच्या नावापुढे कचऱ्याची एक पिशवी धरलेली आहे.