ट्रेलरखाली कुणी वाकू नये

छोट्या कॅम्पिंग ट्रेलरला सस्पेन्शन कोणतं बसवावं, या विषयात ऑस्ट्रेलियातल्या आमच्या गॉलर गावात माझ्या तोडीचा माणूस नाही. हे मीच सांगतो, कारण दुसरं कुणी सांगत नाही.

मी क्लाइव नोस्के. पस्तीस वर्षं पोस्टात शिक्के मारले, निवृत्त झालो आणि चार महिने फक्त सस्पेन्शनवर वाचन केलं. प्रकार तीन. एक म्हणजे पाटे : एकावर एक बांधलेल्या पोलादी पट्ट्या, आजोबांच्या काळापासून चालत आलेल्या. दुसरा, प्रत्येक चाकाला स्वतंत्र दांडा आणि स्वतंत्र स्प्रिंग : डावं चाक खड्ड्यात गेलं तरी उजव्याला पत्ता लागत नाही. तिसरा, रबर भरलेला ॲक्सल : मुकाट चालतो आणि एक दिवस मुकाट मरतो.

वाचनाचा परिणाम असा झाला की मला तिन्हींची भीती बसली. ज्या प्रकाराबद्दल वाचावं, तो कुठेतरी ओसाड माळावर मोडून पडलेलाच दिसे.

भीतीला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी आमच्या जुन्या ट्रेलरचा ॲक्सल भर माळावर मोडला. माझी बायको ग्लेनिस आणि मी नऊ तास माश्या हाकत बसलो होतो. खायला एक बिटाचा डबा. नवव्या तासाला ग्लेनिस अगदी शांत आवाजात म्हणाली, "क्लाइव, अजून एक संधी. पुढचा ट्रेलर मोडला तर विकून टाकायचा. मग दर हिवाळ्यात मी बेरिलबरोबर बोटीवर जाणार."

बेरिल तिची बहीण. ती बोटीवर संध्याकाळी नाचते म्हणे. मला बोट लागते. किनाऱ्यावरून बोट बघितली तरी लागते. म्हणजे दर हिवाळ्यात ग्लेनिस तिकडे आणि मी इकडे, कुत्र्यासमोर बसून डब्यातला घेवडा खाणार. या चित्राने माझी झोप उडाली होती.

तरीही गेल्या वर्षी फेब्रुवारीत आमच्या ट्रेलर मंडळात मी छाती काढून भाषण ठोकलं. "प्रत्येक चाकाला स्वतंत्र स्प्रिंग! बाकी सगळं भंगार." टाळ्या पडल्या. आमचा अध्यक्ष रसेल ट्रेनेरी इतका भारावला की पुढच्याच आठवड्यात त्याने स्वतंत्र स्प्रिंगा बसवून घेतल्या.

मग मी माझा ट्रेलर घेऊन मर्व्हच्या वर्कशॉपमध्ये गेलो. मर्व्ह दिवसाला मोजून वीस शब्द बोलतो.

"वजन किती?" त्याने विचारलं.

"सहाशे किलो."

"मग पाटे."

"पण स्वतंत्र स्प्रिंगा जास्त..."

"त्याला बोल्ट किती असतात ठाऊक आहे?"

"किती?"

"जेवढे असतात तेवढे ढिले होतात."

मी पाटे बसवून घेतले. घरी मात्र सांगितलं, स्वतंत्र स्प्रिंगा. मंडळातही तेच. भाषणाला महिना झाला नव्हता, थुंकलेलं गिळायचं कसं? कुणाला दिसू नये म्हणून ट्रेलरला खालून चारी बाजूंनी जाड ताडपत्री लावली. "धूळ अडवायला," मी म्हणालो. ग्लेनिसने नुसतं बघितलं. तिचं ते नुसतं बघणं मला कुठल्याही खड्ड्यापेक्षा भारी पडतं.

जुलैत, म्हणजे आमच्याकडे ऐन हिवाळ्यात, मंडळाच्या सगळ्या गाड्या उत्तरेला निघाल्या. कॉपलीपर्यंत डांबर, पुढे आर्करूलापर्यंत सव्वाशे किलोमीटर कच्चा रस्ता, पन्हाळी पत्र्यासारखा. कॉपलीला सगळ्यांनी रिवाजाप्रमाणे क्वांडॉंगची आंबटगोड फळं भरून भाजलेल्या पेस्ट्र्या खाल्ल्या आणि चाकांतली हवा कमी केली. माझी हवा बघायला रसेल ट्रेलरपाशी वाकला. त्याचा हात ताडपत्रीकडे गेला आणि मी ओरडलो, "साप!"

रसेल टुणकन मागे उडाला. "जुलैत, एवढ्या थंडीत साप?"

"गारठलेला होता," मी म्हणालो. "गेला हळूहळू."

भीतीने माणूस किती हुशार होतो बघा. ग्लेनिस माझ्या शेजारी बसली तर पाट्यांची करकर ऐकेल, म्हणून मी तिला रसेलच्या गाडीत बसवलं. रसेलच्या बायकोला, कोरलला, सोबत झाली. मी सगळ्यांच्या पुढे निघालो, कारण पुढच्या गाडीची धूळ इतकी उडते की मागच्याला तिचा ट्रेलर दिसतच नाही. शेजारच्या सीटवर फक्त आमचा म्हातारा, जाडा कुत्रा बिस्किट.

आमच्याकडे गाडीगाडीत रेडिओ असतो. माईकचं बटण दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. पहिल्याच दणक्याला माझा माईक आकड्यावरून निसटून सीटवर पडला. बिस्किटने त्यावर हनुवटी टेकली आणि डोळे मिटले. मी तिकडे लक्ष दिलं नाही. माझे कान ट्रेलरकडे होते.

खड खड खड खड. मध्येच एक टण्ण.

"बिस्किट," मी म्हणालो, "मोडणार. आज नक्की मोडणार."

बिस्किट घोरत होता. एकदा तोंड उघडलं आणि मग थांबेना. भ्यायलेल्या माणसाला ऐकणारा मिळाला की तो चौकशी करत नाही.

"पाटे आहेत रे ते. आजोबांच्या काळातले पाटे! आणि मी पोपटासारखं भाषण केलं. तो रसेल फसला. तसा त्याला ट्रेलर मागे घेता येत नाही, नवी स्प्रिंग काय करणार? आणि कोरलचा तो डॅम्पर. निखाऱ्यावर भाजलेला पाव म्हणे. चाकाखाली लावायला बरा."

टण्ण.

"मला बाकी कशाचं काही नाही रे. ग्लेनिस बोटीवर जाईल याची भीती वाटते. तिकडे तिला बरं वाटलं तर? ती परत आली आणि मी तिला कंटाळवाणा वाटलो तर? तिच्याशिवाय मला तंबूचा खुंटा सापडत नाही. सकाळी ती किटली ठेवते ना, तो आवाज ऐकला की मला वाटतं, चला, आजचा दिवस निभावला. हे तिला सांगायचं कसं? चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी असलं सांगितलं तर ती ताप बघेल माझा."

आरशात बघितलं तर मागे धुळीत दिवे. लागत होते, विझत होते. त्यात हॉर्नही. पाटा तुटून लोंबत असणार, त्यांना दिसला असणार! थांबलो तर सगळे ट्रेलरखाली वाकणार. मी वेग वाढवला. दिवे आणखी जोरात लुकलुकले. मी आणखी वाढवला. थोड्या वेळाने दिवे दिसेनासे झाले.

"सुटलो," मी बिस्किटला म्हणालो.

सात-आठ किलोमीटर पुढे एका कोरड्या ओढ्यात गाडी थांबवली. आधी एकट्याने बघून घ्यावं, मग काय ती थाप ठरवावी. दार उघडताच बिस्किट जागा झाला आणि त्याने माईकवरची मान उचलली. रेडिओ एकदम बोलू लागला.

पहिला आवाज अनोळखी, कुणा ट्रकवाल्याचा. "बाबा रे, पाटे चांगलेच असतात. बायकोला सांगून टाक."

मी सीटकडे बघितलं. माईक. बटण. हनुवटीची ओली खूण.

दुसरा आवाज ग्लेनिसचा. "क्लाइव. बिस्किट उठला असेल तर मागे फिर. रसेलचं चाक आडवं झालंय. तुला केव्हापासून बोलावतोय, पण तुझं संपेल तेव्हा ना."

सगळ्यांनी ऐकलं होतं. कॉपलीपासून चाळीस किलोमीटर, शब्द न् शब्द. माझं बटण दाबलेलं असताना दुसऱ्या कुणाला बोलता येत नव्हतं, म्हणून बिचारे दिवे लावत होते.

ते आठ किलोमीटर मी फाशीला जावं तसा परत गेलो. रसेलच्या ट्रेलरचा एक बोल्ट तुटला होता आणि डावं चाक ट्रेलरच्या पोटाखाली आडवं पडलं होतं. स्वतंत्र होतं, उजव्याला पत्ता नव्हता.

"मला ट्रेलर मागे घेता येत नाही म्हणे," रसेल म्हणाला.

"अरे, म्हणजे..."

"आता पुढेही नेता येत नाही. तुझ्या कृपेने."

मी खाली मान घालून उजव्या चाकाला लावायला दगड शोधू लागलो. पाठीमागून कोरल आली. तिच्या हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"दगड कशाला शोधतोस, क्लाइव? हा घे डॅम्पर."

मी तो घेतला. तिच्यादेखत चाकाखाली लावला. चाक जागचं हललं नाही. कोरलला याचा आनंद झाला की राग आला, मला अजून कळलेलं नाही.

ग्लेनिस मात्र माझ्या ट्रेलरकडे गेली होती. तिने ताडपत्री वर केली आणि खाली वाकली. तिने पाट्यांवर बोटांनी टकटक केली. मला डोळ्यांसमोर बोट दिसत होती आणि मळमळत होतं.

"अख्खे आहेत," ती गुडघे झटकत उठली. "म्हणजे ट्रेलर मोडला नाही."

"नाही."

"मग विकायचा नाही."

"बोटीवर?"

"बेरिलच्या त्या बोटीवर मरणाचं गरम होतं."

"मग पुढच्या वर्षी येशील माझ्याबरोबर?"

"येईन. रसेलच्या गाडीत."

"ते का?"

"त्रेचाळीस वर्षं तुझ्या शेजारी बसले," ग्लेनिस म्हणाली. "इतक्या वर्षांत तू मला 'डावीकडे वळू का' याखेरीज काही विचारलं नाहीस. मागच्या गाडीत बरं ऐकू येतं."

यंदा जुलैत निघताना ती स्वतः आली. तिने माईक सीटवर ठेवला, त्याच्यावर बिस्किटची हनुवटी नीट बसवली आणि मागच्या गाडीत जाऊन बसली. रेडिओवर 'बोला'चा लाल दिवा लागला. मी घसा खाकरला. पहिले पाच किलोमीटर मला हवामानाखेरीज काही सुचलं नाही.