आठ नॅपकिन आणि एक गाठ

पाहुणे यायला तासभर उरला होता आणि बाइंडरकाकांना काकूंनी एकच काम नेमून दिलं होतं. आठ नॅपकिनांना इस्त्री करायची, मधोमध घडी घालायची आणि ते सणाच्या टेबलावर नेऊन ठेवायचे. बाकी कशाला हात लावायचा नाही. छत्तीस वर्षं लोकांची पुस्तकं शिवून निवृत्त झालेल्या माणसाला एवढं झेपायला हरकत नव्हती.

काकांनी जुन्या चादरीतून गठ्ठा सोडवला आणि ते तसेच उभे राहिले. गेले पाच महिने काकू खिडकीपाशी भरतकामाची रिंग घेऊन बसत, हे त्यांनी रोज पाहिलं होतं. पण एका वेळी एकच कोपरा दिसे, तोही काकूंच्या खांद्यावरून. आठही एकत्र आज प्रथमच समोर आले. पहिल्यावर डाळिंबाची कळी होती, दुसऱ्यावर ती उकलत होती, तिसऱ्यावर फुलली होती. चौथ्यावर पाकळ्या गळत होत्या. मग इवलंसं हिरवं फळ, मग त्यावर चढलेली लाली, मग सालीला गेलेला तडा, आणि आठव्यावर उघडं पडलेलं अख्खं डाळिंब. दाणा न् दाणा गाठीच्या टाक्यानं भरलेला, प्रत्येकाचा लाल वेगळा. काका दाणे मोजायला लागले, दोनदा चुकले आणि त्यांनी नाद सोडला. मग त्यांनी नकळत चपला काढून बाजूला सारल्या आणि इस्त्री हातात घेतली.

या नॅपकिनांवर काकूंची सव्वीस वर्षं टांगलेली होती. जेवायला काकांची थोरली बहीण, आक्का, येणार होती. आक्कांनी जन्मभर शिवणाचा क्लास चालवला. कुणी काही भरून दाखवलं की त्या आधी ते उलटं करून बघत. पुढून काय, कुणीही नटतं, असं त्यांचं म्हणणं. काकू नव्या नवरी होत्या तेव्हा त्यांनी मोठ्या हौसेनं उशीचा अभ्रा पुढे केला होता. आक्कांनी तो उलटला, लोंबते दोरे पाहिले आणि म्हणाल्या, "पुढे बाग आहे. मागे जंगल माजलंय." सगळे हसले. काका हसले नाहीत, पण बोललेही नाहीत. आणि काकूंच्या लेखी त्या हसण्यापेक्षा हे न बोलणं मोठं होतं.

तेव्हाचं राहिलेलं वाक्य काका आज बोलणार होते. आक्का, हिच्यासारखा हात आपल्या घरात कुणाचा नाही. एवढंच. पण आक्कांपुढे त्यांची जीभ टाळ्याला चिकटे, म्हणून घड्या घालता घालता ते पुटपुटत सराव करू लागले.

आता, घडी घातलेले आठ नॅपकिन एकावर एक ठेवले की ते थेट फर्म्यांसारखे दिसतात. फर्मे म्हणजे पुस्तकाचे घडी घातलेले, अजून न शिवलेले भाग. आणि सुटे फर्मे पाहून काकांचे हात कधी स्वस्थ बसले नव्हते. कळी आधी, उघडं डाळिंब शेवटी, अशी जुळणी झाली. क्रम बिघडू नये म्हणून एखादा टाका घालावा, असं हातांना वाटलं. तोंड 'हिच्यासारखा हात' घोकत होतं तोवर काकांच्या स्वतःच्या हातांनी कपाटातून दाभण आणि मेणाचा दोरा काढलाही होता. एका टाक्यानं भागत नाही, हे कुठलाही बाइंडर सांगेल.

काकांनी 'कुणाचा नाही' हे नवव्यांदा, जरा ठासून म्हटलं आणि खाली पाहिलं. घड्यांच्या बाजूनं आठही नॅपकिन एकमेकांना जखडले होते, शेवटची गाठ बसली होती, आणि वरून सरसाचा, म्हणजे बाइंडिंगच्या गोंदाचा, ब्रश फिरला होता. सरस वाळतही आला होता.

तेवढ्यात काकू टेबल बघायला आल्या. त्यांनी वरचा नॅपकिन उचलला. त्याबरोबर उरलेले सातही उठले.

"हे काय केलंत?"

"क्रम बिघडेल म्हणून..."

कात्री लावावी तर सरस आड येणार, ओढावं तर कापड फाटणार. काका म्हणाले, कोमट पाण्यात चार तास ठेवलं तर सुटेल. काकूंनी विचारलं, आक्कांना चार तास दारात उभं करू का. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्या हळूच म्हणाल्या, "तेव्हाही तुम्ही माझ्या बाजूनं नव्हतात." आणि दाराची घंटा वाजली.

निवृत्तीच्या दिवशी छापखान्यानं दिलेले हातरुमाल ट्रंकेत कोरेच पडून होते. तेच ताटांशेजारी गेले आणि शिवलेला गठ्ठा कपाटात गेला. सगळे बसले. आक्कांनी सवयीनं हातरुमाल उलटला.

"हे मशीनचं," त्या म्हणाल्या. "हिनं काहीतरी भरलंय म्हणे?"

काकू वाढता वाढता थांबल्या. काकांनी तोंड उघडलं. सव्वीस वर्षांचं वाक्य गळ्यापर्यंत आलं आणि तिथेच बसलं. मग ते उठले, कपाटातून गठ्ठा काढला आणि गिऱ्हाइकाला पुस्तक द्यावं तसा दोन्ही हातांनी आक्कांपुढे धरला. काकूंनी डोळे मिटले.

आक्कांनी पहिली कळी पाहिली आणि त्या उठून हात धुऊन आल्या. चष्मा चढवला. घडी उघडली, तशी कळीची मागची बाजू समोर आली. काकांच्या आता लक्षात आलं की आपण ही चीज अशी शिवलीय, की प्रत्येक उलटी बाजू आक्कांना आयती दिसावी.

पण मागेही कळीच होती. एक दोरा लोंबत नव्हता. आक्कांनी पुढची घडी उघडली, मग पुढची. पुढे फूल, मागे फूल. पुढे फळ, मागे फळ. आठ माणसं टेबलावर ओणवी झाली. वाफाळतं अन्न निवून गेलं, पण कुणाचा हात ताटाकडे गेला नाही. उघडं डाळिंब आलं तेव्हा आक्कांनी नाक कापडाला टेकवलं.

"टोकं कुठे गेली गं दोऱ्यांची?"

"आत, वन्सं. टाक्यांच्या खाली." काकूंनी वाढायचा डाव खाली ठेवला. "जंगल तोडायला वेळ लागला जरा."

आक्कांनी सगळ्या घड्या सावकाश मिटल्या आणि शिवणीवरून अंगठा फिरवत नेला. शेवटाला अंगठा थांबला.

"ही गाठ कुणाची?"

"माझी," काका म्हणाले.

"सैल आहे रे. हिच्याकडून शिकून घे. असा हात आपल्या घरात कुणाचा नाही."

काकांचं वाक्य अखेर बोललं गेलं. फक्त ते बोलल्या आक्का. काका समाधानानं मान डोलवत बसले.

काकूंनी काकांच्या ताटाशेजारचा हातरुमाल सरळ केला. "मी यांना म्हटलंच होतं, कशाला हात लावू नका," त्या म्हणाल्या. पण गठ्ठा कोमट पाण्यात घालायचं त्यांनी नावही काढलं नाही.