सात गोळ्यांची दुर्बीण

श्रीगोंद्याच्या रायफल क्लबातला लाल झेंडा नवाच्या नवा राहिला होता, त्याला कारण पुंजाराम.

नेम चुकला की निशाणाखालच्या खड्ड्यात बसलेल्या माणसाने लाल झेंडा हलवायचा आणि गोळी लागली तर लांब काठीच्या टोकाची पांढरी चकती त्या जागेवर धरायची, असा क्लबाचा नियम होता. तीनशे यार्डांवरून कागदातले भोक दिसणार कुणाला? दिसायचे ते खड्ड्यात बसणाऱ्या एकट्या पुंजारामला. आणि पुंजाराम पडला क्लबाचे अध्यक्ष काकासाहेब यांचा सालगडी. मालकांनी बार काढला की तो वर न बघताच चकती मधोमध धरी. मालकाला लाल फडके दाखवणे त्याच्या घराण्यात बसत नव्हते. अशा रीतीने काकासाहेब तालुक्यातले पहिल्या नंबरचे नेमबाज झाले.

बांगलादेशची लढाई नुकतीच संपली होती. गावोगाव ज्याला त्याला आपण सैन्यात असतो तर काय केले असते ते सांगायचे होते. त्या भरात काकासाहेबांनी कर्जतच्या क्लबाचे नेमबाज आप्पासाहेब यांना सामन्याचे आव्हान दिले. उलट निरोप आला, "तुमचा नेम बंदुकीत न्हाई, पुंजारामच्या काठीत हाय. खड्ड्यात मानूस नको. पंचानं दुर्बिणीतनं मोजावं, मग येतो."

"आनू की दुर्बीण," काकासाहेब म्हणाले. "मास्तर, तुमी बघा."

मास्तर म्हणजे विल्सन मास्तर. काकासाहेबांच्या हायस्कुलात कवायत शिकवीत आणि इंग्रजी कॅटलॉग वाचता येतो या गुन्ह्याबद्दल क्लबाचे सेक्रेटरी झालेले. चार वर्षे झाली तरी नोकरी हंगामीच. कायम करण्याचा कागद दिवाळीपासून काकासाहेबांच्या टेबलावर सहीसाठी पडून होता. तो कागद आणि ही दुर्बीण यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, असे काकासाहेबांनी त्यांना तीनदा सांगितले होते. म्हणून मास्तरांना झोप येत नव्हती.

मास्तरांनी तीन दुर्बिणी गोळा केल्या. एक पाटबंधारे खात्याच्या ओव्हरसियरची, एक नगरला लष्कराच्या लिलावातून आलेली पितळी आणि तिसरी पुण्याच्या दुकानातून पसंतीवर आणलेली नवी कोरी जपानी. निवडीच्या दिवशी सकाळी त्यांची बायको कृपा चहा देताना म्हणाली,

"हे बघा, खोटं बोलायचं नाही. आणि नोकरीही घालवायची नाही."

"दोन्ही कसं जमायचं?"

"ते तुम्ही बघा. मी चहा केला."

माळावर गाव जमले. पुंजाराम शेवटचाच म्हणून खड्ड्यात बसला. काकासाहेबांनी आडवे होऊन पाच गोळ्या झाडल्या. पाचही वेळा चकती मधोमध उगवली.

पहिल्यांदा ओव्हरसियरची दुर्बीण लावली. ती जमीन मोजणीची होती, तिच्यात सगळे उलटे दिसे. काकासाहेबांनी डोळा लावला तर पुंजाराम आभाळाला लोंबकळून काठी हलवतोय.

"काढा ही," ते म्हणाले. "घरच्या मानसाला वटवाघूळ करती."

मग जपानी. मास्तरांनी ती आधी स्वतः जुळवली. कागदावरच्या काळ्या गोलाची शाई दिसत होती, कोपऱ्यातला खिळा दिसत होता, खिळ्यावर बसलेली माशी दिसत होती. भोक मात्र एकही दिसत नव्हते. कागद साफ कोरा.

"सरका," म्हणून काकासाहेबांनी डोळा लावला. बराच वेळ लावून ठेवला.

"मास्तर," ते सावकाश म्हणाले, "हिच्यात गोळ्या दिसत न्हाईत. बिघडलीया का?"

सगळ्या गावाने मास्तरांकडे पाहिले. मास्तरांना एका डोळ्यापुढे तो कागद दिसला आणि दुसऱ्यापुढे कृपा.

"बिघडलेली नाही, काकासाहेब," ते म्हणाले. "काच जरा जास्तच साफ आहे."

"तरीच," गाव म्हणाले. "जपानी मालाचं आसंच असतंय."

राहिली लष्कराची. तिच्या आतल्या काचेवर बुरशीचे पांढुरके ठिपके धरले होते, अगदी मधोमध, सात. काकासाहेबांनी पाहिले आणि मान डोलावली. "हिच्यात दिसत्यात. लई झाक दिसत्यात."

मास्तरांनी खात्रीसाठी दुर्बीण बाजूच्या म्हशीकडे वळवली. म्हशीलाही सात गोळ्या लागल्या होत्या आणि ती शांतपणे रवंथ करीत होती. मास्तरांनी वहीत 'पसंत' असे लिहिले.

सामन्याला आप्पासाहेब तक्रारीचा कागद आधीच लिहून घेऊन आले. पंच म्हणून केडगावचे एक निवृत्त सुभेदार बसले. त्यांनी आयुष्यभर वरून सांगितले ते मोजले होते. काकासाहेबांच्या पाच गोळ्या झाल्यावर सुभेदारांनी डोळा लावला आणि खड्या आवाजात सांगितले, "काळ्यात सात."

"पाच झाडल्या आन् सात लागल्या?" आप्पासाहेब उठले. "ही कुटली पद्धत?"

"मी मोजतो. झाडत नाही," सुभेदार म्हणाले.

"बघा की सोता," काकासाहेब गोडीत म्हणाले.

आप्पासाहेबांनी पाहिले. सातच होत्या. त्यांनी खिशातून तक्रारीचा कागद बाहेर काढला.

"तक्रार मागनं करा," काकासाहेब म्हणाले. "आधी तुमचा बार हू द्या."

नवा कागद लावला. आप्पासाहेबांनी पाच गोळ्या झाडल्या. तिसरीला तर माळापलीकडच्या बाभळीतून पाखरे उडाली. सुभेदारांनी डोळा लावला.

"काळ्यात सात."

आप्पासाहेबांनी स्वतः खात्री केली. मग तक्रारीच्या कागदाची नीट घडी घातली आणि तो परत खिशात ठेवला. "दुर्बीण चांगली हाय," ते म्हणाले. "असली आमच्या क्लबालाबी पायजे."

"निशाणाचे कागद आणवू का?" सुभेदारांनी विचारले.

"कशाला उन्हाचं," दोघे नेमबाज एकदम म्हणाले. सामना बरोबरीत सुटला आणि दोन्ही तालुके जेवायला बसले.

दुसऱ्या दिवशी काकासाहेबांनी मास्तरांना शाळेच्या कचेरीत बोलावले. दार लोटून घेतले.

"मास्तर, त्या जपानीत मला कोरा कागद सपष्ट दिसला हुता."

मास्तर बसायला वाकले होते ते परत सरळ उभे राहिले.

"आन् माशीबी," काकासाहेब पुढे म्हणाले. "बसा. खोटं बोलनारी मानसं माझ्याकडं पोत्यानं पडल्यात, मास्तर. कवाबी उघडी पडत्यात. खरं बोलून कुनाला कळू न देनारा मी पयल्यांदा बघितला." त्यांनी टेबलावरचा कागद ओढला, त्यावरची धूळ फुंकली आणि सही केली. "झाला तुमी कायम."

मास्तरांनी हात जोडले. "उपकार झाले, काकासाहेब."

"उपकार कसले. सोमवारी इन्स्पेक्टर येत्यात. सायन्सची लॅबोरेटरी बघायची म्हंत्यात. तुमीच दावा."

"पण काकासाहेब, आपल्या शाळेत लॅबोरेटरी नाही."

"म्हनून तर कायम केलं," काकासाहेब म्हणाले आणि पेनाला टोपण लावले.