दुसऱ्याच्या तोंडाचं भाडं

तिकीटबाबूंच्या घरी गेलं की दाराची कडी वाजवायची नाही, हे पांढुर्ण्यातल्या आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांच्या ओसरीवर गजांची एक खिडकी होती. तिच्यापुढे उभं राहायचं. आत खुर्ची सरकल्याचा आवाज येई, मग झडप उघडे आणि गजांमागे जाड काड्यांचा चष्मा दिसे.

"बोला, काय काम?"

काम सांगितलं की मगच दार उघडायचं. दिवाळीचा फराळ घेऊन गेलेल्या आमच्या सौ.लाही ताट हातात धरून "फराळ द्यायला आले" असं खिडकीत सांगावं लागलं होतं. एकदा एक पाहुणा हसत म्हणाला, "काही नाही जी, असाच आलो." बाबूजी शांतपणे म्हणाले, "काम नाही तं खिडकी अडवू नका भाऊ," आणि झडप लावून घेतली. तो पाहुणा त्यांचा सख्खा साडू होता.

बाबूजींचं खरं नाव शेषराव कामडी. उभी नोकरी तिगाव आणि आसपासच्या स्टेशनांवर तिकिटं देण्यात गेली. सरकारनं त्यांना रिटायर केलं, पण खिडकीनं काही केलं नाही. त्यांच्या पत्नी, गयाकाकू, सुनेच्या बाळंतपणासाठी भिलाईला मुलाकडे गेल्या होत्या. ते बाळ आता शाळेत जायला लागलं तरी काकू तिकडेच होत्या. कोणी विचारलं तर बाबूजी म्हणत, "येईल ना. तिले कोणी बांधून ठेवलं का?" आणि विषय बदलत.

आमच्या सौ.चा काकूंशी पत्रव्यवहार होता. बाबूजी अधूनमधून पिशवी घेऊन आमच्याकडे येत. संत्र्यांच्या दिवसांत संत्री, एरवी कोबी. पिशवी ठेवून जाता जाता म्हणत, "वहिनी, चिठ्ठी लिवून राहिल्या का? लिवा का तुळस वाळून राहिली म्हणून." कधी तुळस वाळे, कधी गाय आटे. गाय त्यांच्याकडे नव्हतीच, शेजाऱ्यांची आटलेली लिहायला सांगत. आम्ही कोबीची भाजी खात असू आणि हसत असू.

त्याच सुमारास सौंसरला एका कंपनीनं दुकान थाटलं. बँकेनं कापलेले पैसे परत मिळवून देऊ, अशी पाटी लावली. आमच्याकडच्या लोकांना ही पाटी फार पटली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीत नदीवर छातीवर गोटे झेलणारं आमचं गाव, पण बँकेच्या खिडकीसमोर सगळे गरीब गाय. खात्यातून काही कापलं गेलं की लोक पासबुकाकडे पाहत, उसासा टाकत आणि घरी जात. कंपनीचा सफारीवाला माणूस जीपमधून पांढुर्ण्याला आला तेव्हा पानठेल्यावर त्याच्याभोवती ही गर्दी. आधी फी द्यायची, आणि पैसे मिळाले की त्यातला तिसरा हिस्सा.

माझं मत सरळ होतं. मी शाळामास्तर. पैसे टाकावे आणि कटकट मिटवावी, हे माझं आयुष्याचं तत्त्वज्ञान. म्हणून आमच्या समोरच्या सुमनबाई सल्ला विचारायला आल्या तेव्हा मी म्हटलं, "द्या कंपनीला."

सुमनबाई नवरा गेल्यापासून हातमशीनवर ब्लाउज शिवून घर चालवत. सौंसरचा एक टेलर दुकान बंद करणार होता. त्याची पायमशीन त्यांच्यासाठी पोळ्यापर्यंत ठेवायला तो तयार झाला होता. त्यासाठी त्यांनी पै पै जमवली होती, आणि नेमके बँकेनं त्यांच्या खात्यातून पैसे कापले. कशाचे? चेक परत आल्याचे. सुमनबाईंनी जन्मात चेक पाहिला नव्हता.

"कंपनीले तिसरा हिस्सा देला तं मशीन कशी येईन गुरुजी?" त्या म्हणाल्या. "अन नाही देला तं पैसेच नाही येत."

मी त्यांना बाबूजींच्या खिडकीशी नेलं.

बाबूजींनी सगळं ऐकलं आणि झडपेवर हात आपटला. "आपलं तोंड फुकटचं असून दुसऱ्याच्या तोंडाले भाडं कायले देता बाई? चूक बँकेची, पैसे तुमचे, अन मांगनारा सफारीवाला?"

"मले भेव लागते जी."

"खिडकीच्या बाहेरच्याले वाटते का आतला वाघ आहे. मी उभी जिंदगी आत बसलो. आतल्याले एकच भेव असते. समोरचा हललाच नाही तं मी काय करू?"

दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या ओसरीवर तालीम सुरू झाली. बाबूजी आत बँकेचे साहेब, सुमनबाई बाहेर. नियम तीन. आधी नाव. पहिल्याच वाक्यात काम. बोलून झालं की गप, आणि जागेवरून हलायचं नाही.

सुमनबाईंनी सुरुवात केली, "असं झालं जी, आमचे हे वारले तवा…"

धाड्‌कन झडप बंद. आतून आवाज आला, "लंच झालं!"

असे त्यांनी सुमनबाईंना अनेक लंच दाखवले. कधी ते चहा पीत बसत, कधी वर्तमानपत्र तोंडासमोर धरत, कधी बँकेत वापरतात तशा हिंदीत "कल आइए" म्हणत. एकदा तर घोरायलाही लागले. सुमनबाई रडकुंडीला आल्या. मी म्हटलं, "बाबूजी, बँकेत एवढा छळ होत नाही हो." ते म्हणाले, "म्हणूनच तं करून राहिलो. तिथं सोपं वाटलं पायजे."

आणि मग एका सकाळी सुमनबाई अशा उभ्या राहिल्या, अशा बोलल्या आणि अशा गप्प झाल्या, की बाबूजींच्या हातातला पेपर हळूहळू खाली आला. "चूक झाली बाई, आत्ता करून देतो," असं ते खरोखरच म्हणून गेले. मग भानावर येऊन दार उघडून बाहेर आले आणि लहान पोरासारखे टाळ्या वाजवू लागले.

बँकेत मी सोबत गेलो होतो, पण बाबूजींच्या हुकमावरून मागे, बाकावर. सुमनबाई खिडकीशी गेल्या.

"माझं नाव सुमन ढोबळे. चेक परत आल्याचे पैसे माझ्या खात्यातून कापले, ते वापस पायजेत. मी कधी चेक घेतला नाही अन देला नाही."

"बाद में आइए," आतून आवाज.

सुमनबाई गप्प. खिडकीतला माणूस दुसऱ्या कागदाकडे वळला. त्यानं पंखा वाढवला. मान वर केली, सुमनबाई तिथंच. मागची रांग कुरकुरायला लागली, तीही सुमनबाईंवर नाही, त्याच्यावर. शेवटी बिचारा उठला, मोठी खातेवही काढली, बोट फिरवत गेला आणि थांबला. गावात दुसरी एक सुमन ढोबळे होती, एका व्यापाऱ्याची बायको. चेक तिचा, कात्री हिच्या खात्याला. कागदावर सही झाली, पैसे पुन्हा जमा झाले. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, पण मी मास्तर पडलो.

पुढं मग बाबूजींच्या ओसरीवर रांगच लागायला लागली. कंपनीचा सफारीवालाही एकदा आला. खिडकीपुढे उभा राहून म्हणाला, "बाबूजी, आमच्याकडेच कामाला या ना, कमिशन देतो." बाबूजींनी त्याला एकच विचारलं, "हे तुमी स्वतः मांगून राहिले, का कोणी पाठवलं?" मालकानं पाठवलं होतं. झडप बंद.

पोळ्याच्या आत मशीन आली. सुमनबाई जामसांवलीला मारुतीला नारळ फोडून प्रसाद घेऊन आल्या तेव्हा बाबूजी आमच्या ओसरीवर होते. पायाशी कोबीची पिशवी. आमच्या सौ.ला सांगत होते, "लिवा वहिनी, का लोणच्याची बरणी रिकामी झाली. अन माजघर गळून राहिलं."

सुमनबाईंनी ते ऐकलं. प्रसाद आमच्या हातावर ठेवला आणि लगबगीनं निघाल्या.

थोड्या वेळानं मी बाबूजींसोबत त्यांच्या घराकडे गेलो तर त्यांनी नुसतं लोटून ठेवलेल्या दाराला आतून कडी. खिडकीची झडप उघडली. गजांमागे, बाबूजींच्या खुर्चीत, सुमनबाई.

"बोला, काय काम?"

"बाई, मजाक कायले करून राहिल्या?"

"काम नाही तं खिडकी अडवू नका बाबूजी."

बाबूजींनी माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे पाहिलं. मग त्यांनी घसा साफ केला. "असं आहे का, सूनबाईचे दिवस भरले होते तवा…"

धाड्‌कन झडप बंद. "लंच झालं!"

मला हसू फुटलं, पण बाबूजी हसले नाहीत. झडप पुन्हा उघडेपर्यंत ते तसेच उभे राहिले. चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा घातला.

"शेषराव कामडी, पांढुर्णा," ते म्हणाले. माझ्याच शेजाऱ्याचं नाव मी प्रथमच ऐकतोय असं मला वाटलं. "गयाले घरी आनाचं आहे. मले एकट्याले करमत नाही."

आणि नियमाप्रमाणे गप्प झाले. हलले नाहीत.

सुमनबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि दार उघडलं. "मंग हे काकूले सांगा ना जी. कितीक वर्षं झाले, दुसऱ्याच्या तोंडाले कोबीचं भाडं देऊन राहिले तुमी."

मला त्या आटलेल्या गायी आठवल्या, वाळलेल्या तुळशी आठवल्या, आणि आमच्या घरी हसत हसत खाल्लेली कोबीची भाजी आठवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना स्टेशनवर पोचवायला गेलो. धुतलेलं धोतर, काळा कोट, हातात फक्त एक पिशवी. तिकिटाच्या खिडकीत एक नवा पोरगेलासा बाबू होता. जन्मभर आत बसलेला माणूस त्या दिवशी बाहेर उभा होता.

"भिलाई," बाबूजी म्हणाले. "एक जान्याचं. दोन येन्याचे."

तो मुलगा ओशाळून हसला. "बाबूजी, येन्याचे तिकडूनच घ्या लागते. हे मी तुमाले सांगू का?"

"माहीत आहे," बाबूजी म्हणाले.

मागे रांग वाढत होती. गाडीची घंटा झाली. बाबूजी दोन्ही हात खिडकीच्या फळीवर ठेवून उभे होते, गप्प, आणि जागचे हलत नव्हते.