जानरावभाऊंचं नागपूर

आमच्या जऊळक्यात कुठल्याही गोष्टीला नागपूर लावून तिचा पाणउतारा करायचा मक्ता जानरावभाऊ शिंप्यांकडे होता. लग्नाच्या पंगतीत जिलबी आली की, "नागपुरात याच्याहून मोठी असते." माझ्या कोटाचं माप घेतानाही सोडलं नाही. "गुरुजी, छाती फुगवा जराशी. नागपूरचे मास्तर पाहा कसे असतात!"

शंका घ्यावी, तर वर्णन इतकं बारीक की गावाची बोलती बंद; मी तिथे शिकलेला, तरी मजा वाटून टोकत नसे. बर्डीचा किल्ला पाहताना डोक्यावरची टोपी मागे पडते. शुक्रवारी नावाच्या तलावाचा पल्याडचा काठ दिसत नाही. महाराजबागेतला वाघ डरकाळला की धंतोलीतली लेकरं उठून बसतात. आम्ही तेव्हा मध्यप्रदेशात होतो, नागपूर आमची राजधानी, त्यामुळे ऐकून घ्यावंच लागे.

मग बातमी आली की राज्यं बदलणार आणि राजधानी मुंबईला जाणार. जानरावभाऊंच्या बायकोने, गंगावहिनींनी, जन्मात कधी काही मागितलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "राजधानी हाय तोवर मले एकदा दाखवून आणा."

त्याच संध्याकाळी जानरावभाऊ माझ्याकडे आले आणि आतून कडी लावली.

"गुरुजी, घात झाला. मी नागपूर पायलंच नाई."

मला हसू आलं, पण त्यांचा चेहरा पाहून ते गिळलं.

"ही नवी नवी होती तवा माहेराच्या आठवणीनं रडे," ते म्हणाले. "एका संध्याकाळी नागपूर सांगतलं, तं हासली. दुसऱ्या दिवशी म्हणे, मंग? पुढं काय? लेकरूबाळ झालं नाई. दिवेलागणीले घर खायाले उठे. मंग सांगतच गेलो. आता तिच्यासमोर खोटा पडलो तं या वयात तोंड कुठं लपवू? तुमी शिकाले होते न तिथं? संगं चला."

गेलो. अकोल्याला गाडी बदलून सकाळी नागपूरला उतरलो, संध्याकाळी परतीची गाडी. जानरावभाऊंना मात्र प्लॅटफॉर्मवर पाय ठेवल्यापासूनच ती सुटताना दिसत होती.

"चला, चला! गाडी सुटन!"

बाहेर आल्यावर त्यांनी ऐटीत टांगा ठरवला. "बर्डीच्या किल्ल्यावर घे."

टांगेवाला हसला. "भाऊ, तो काय समोरच दिसून राह्यला. पहिल्यांदाच आले काय?"

जानरावभाऊंनी टोपी सारखी केली. "मले माईत नाई काय? चक्कर मारून घे. बाईले शहर दाखवायचं हाय."

किल्ला म्हणजे एक टेकाड, त्याच्यावर भिंत. टोपी पडण्याचा संभव नव्हता. वहिनी मान वर करून पाहत होत्या, तेवढ्यात जानरावभाऊंनी मागे हात नेऊन स्वतःच टोपी पाडली. मी डोळ्यांनी पाहिलं. वहिनींनी ती उचलली, झटकली, त्यांच्या हातात दिली. "खरंच पडते जी," म्हणाल्या.

शुक्रवारी तलावाच्या पल्याडच्या काठावर वाळत घातलेली लुगडी मोजता आली असती. जानरावभाऊ माझ्याकडे पाहू लागले, मी आभाळाकडे.

"यंदा पाणी आटलेलं दिसते," वहिनीच म्हणाल्या.

महाराजबागेतला वाघ तर पाठ करून झोपला होता. जानरावभाऊंनी शुक शुक केलं, टाळ्या वाजवल्या, शेवटी हात जोडले. वाघ ढिम्म. "चला, गाडी सुटन!" म्हणत त्यांनी आम्हाला असं पिटाळलं की नुसती धावपळ झाली. संत्री घ्यायचीसुद्धा राहिली. गाडी यायला अजून बराच वेळ होता, आणि तो आम्ही स्टेशनच्या बाकावर काढला. मला त्यांची कीव आली. एवढं भेदरलेलं माणूस मी पाहिलं नव्हतं.

परतताना वर्ध्याला ते पाणी आणायला उतरले, तेव्हा वहिनी हळूच म्हणाल्या, "गुरुजी, दिवसभर जीव मुठीत होता माहा. कोणी ह्यायले खोटं पाडते का काय!"

मी चपापलो. "म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"आमचं दुकान गावच्या टेसनासमोर. गाडीची वाट पाहणारे लोकं दुपारी येऊन बसत, नागपूरच्या गोष्टी सांगत. मी पडद्याआड काजं करता करता आयके. संध्याकाळी हे तेच मले सांगत, वरून मीठमसाला लावून." त्या हसल्या. "पण ह्यायच्या तोंडून चांगलं लागे."

जानरावभाऊ तांब्या घेऊन आले. पाणी दिलं. गाडी हलली. ते टोपीशी चाळा करू लागले. मग म्हणाले, "आयकतं काय? एक सांगायचं होतं तुले. ते नागपूर..."

"नागपूर पायलं आता," वहिनी मध्येच म्हणाल्या. "राजधानी तं मुंबईले चालली. तुमी मुंबई पायली असन न?"

जानरावभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे तोंड वळवलं, कारण माझे डोळे भरून आले होते.

"पायली न," मागून आवाज आला. "तिथं समुद्र हाय. एवढा मोठा, का पल्याडचा काठच दिसत नाई."

काठाचं तेवढं जन्मात पहिल्यांदा ते खरं सांगत होते.

वहिनी पदर सावरून जवळ सरकल्या.

"मंग? पुढं काय?"