सबनीसांचा चुकणारा पियानोवाला

सबनीसांच्या घरी चहा पिताना सावध राहावं लागे. ते मध्येच एक बोट वर करत. बोट वर झालं की कप होता तिथेच थांबवायचा, तोंडातला घोटही गिळायचा नाही. रेडिओग्रामवर कुणी केव्हाच मेलेला गोरा माणूस पियानो वाजवत असे. खरखर, टणटण, परत खरखर. मग सबनीसांचे डोळे चमकत.

"चुकला. ऐकलंत? चुकला आणि पुढे गेला."

एवढं ऐकवायला त्यांनी बोलावलेलं असे.

नेरूळ तेव्हा नवीन वसत होतं. ते माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला आले, हेड ड्राफ्ट्समन म्हणून रिटायर होऊन. गिरगावातून येताना तबकड्या मांडीवर घेऊन ते टॅक्सीने आले. काकू मागून टेम्पोत, भांड्यांबरोबर.

सोनाटा म्हणजे एकट्या पियानोसाठी लिहिलेली लांबलचक रचना, हे मला त्यांच्याकडेच कळलं. जुन्या लाखेच्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम चार मिनिटं मावायची, म्हणून एका सोनाट्याच्या पाच-सहा तबकड्या. दर चार मिनिटांनी सबनीस उठत, तबकडी उलटत, बसत.

"तेव्हा रेकॉर्डिंग मेणाच्या तबकडीवर, एका दमात वाजवायचं. खोडायची सोय नाही. आताचे टेप कापून जोडतात. शिंप्याची कामं."

मला ते 'पदवीधर' म्हणत. "या पदवीधर. डिग्री झाली, कान अजून अडाणीच." हे मला लागे. माझ्या बापाने सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती उचलून मला बी.कॉम. केलं. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. एकदा मी सुनावलंच, "साहेब, चुकून पुढे जायची चैन आम्हाला नव्हती. एक वर्ष नापास झालो असतो, तर पाठीवर पोतं होतं."

त्यांना राग येईल असं वाटलं होतं. पण सबनीस कधी नव्हे ते म्हणाले, "चहा घ्या अजून."

सोसायटीचा पाण्याचा पंप त्यांच्या खिडकीखालीच होता. तो चार मिनिटं बंद ठेवा म्हणून ते सेक्रेटरीकडे गेले.

"सबनीससाहेब, वरच्यांच्या आंघोळी राहिल्यात. तुमच्या गोऱ्याला सांगा ना जरा थांबायला."

"तो चाळीस वर्षांपूर्वी वाजवून गेला. तो कसा थांबणार?"

यावर बिल्डिंग महिनाभर हसली. मीही हसलो. मग एकदा जिन्यात काकू भेटल्या.

"तुम्हाला सारखं बोलावतात, कंटाळू नका हं. नलूला ऐकवायचंय त्यांना. तुमच्यावर सराव चाललाय."

नलू त्यांची एकुलती एक मुलगी, बडोद्याला दिलेली. माहेरी पत्र नाही, येणं नाही.

"तिच्यासाठी जुना पियानो घेतला होता," काकू भाजीची पिशवी कठड्यावर टेकवून म्हणाल्या. "चुकली की पहिल्यापासून. परत चुकली, परत पहिल्यापासून. वर हीच तबकडी लावायचे, बघ कसा वाजवतो म्हणून. नववीत असताना तिनं पियानोचं झाकण लावलं, ते लावलंच. तोही चुकतो, हे यांना कळलं पियानो विकल्यावर."

त्या वर्षी पनवेलला कुणाचं तरी लग्न निघालं आणि नलू दोन तासांसाठी आली. सबनीसांनी मला बोलावून घेतलं. "तुम्ही बसा. एकटी ती बसायची नाही." सेक्रेटरीने पंप लावला नाही. कुणी टोमणाही मारला नाही.

नलू खुर्चीच्या कडेवर बसली, पर्स मांडीवर, पिशवी पायाशी. सबनीसांनी सुई टेकवली. ती जागा आली.

"ऐकलंस?"

"काय?"

"चुकला तो. एवढा मोठा माणूस. चुकला आणि पुढे गेला." त्यांचा आवाज मला कधी माहीत नव्हता इतका मऊ झाला होता.

नलू शांतपणे म्हणाली, "असेल बाबा. ही तबकडी मी कधी ऐकलीच नाही. ती लागली की मी तुमच्या चेहऱ्याकडे बघत बसायचे."

बाजू संपली. सुई नुसतीच घासत राहिली, तरी सबनीस उठले नाहीत.

"मला एवढंच सांगायचं होतं, की…"

"कळलं. त्याला चूक माफ आहे," नलू म्हणाली. "आई, निघते गं. बस चुकेल."

सबनीस तिची पिशवी घेऊन मागोमाग उतरले. बऱ्याच वेळाने परत आले, तेव्हा मी दारातच उभा होतो. काही बोलणं झालं का, विचारलं.

"नाही," ते म्हणाले. "बस येईपर्यंत तिची पिशवी धरून उभा होतो. दोनदा मागितली तिनं. नाही दिली." चपला काढता काढता ते थांबले. "बस आल्यावर द्यावीच लागली."